नावं ठेवलेलं भिंग

धुळ्याच्या त्या म्हाताऱ्यानं मला फसवलं, असं मी आजही म्हणतो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की बायको उठून चुलीकडे जाते, कारण पुढचं सगळं तिला पाठ आहे. पण एकदा ते नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. जळगावच्या कापूस बाजारात ज्याला कोणी फसवू शकलं नाही, त्याला मोतीबिंदू झालेल्या एका फोटोवाल्यानं भर दुपारी, समोर बसवून, चहा पाजून फसवावं, हे पचायला सोपं नाही.

मी बाजारात आलो तो पोती उचलायला. पुढे मापाडी झालो, मग दलाल. वडील लहानपणीच गेले. आईनं फैजपूरकडच्या आमच्या गावी लोकांच्या शेतात कापूस वेचून मला आणि बहिणीला वाढवलं. शाळा चौथीपर्यंत. भाव करायला मला बाजारानंच शिकवलं, आणि बाजाराचा पहिला धडा हा की जो माल घ्यायचा आहे त्याला कधी चांगलं म्हणायचं नाही. शेतकऱ्याची गाडी आली की मी खांद्यापर्यंत हात कापसात घालायचो, तळातली मूठ वर काढायचो आणि तोंड वाकडं करायचो. ओला आहे. कचरा आहे. ही बघा कवडी. किडक्या बोंडातल्या डागी कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. ती बाजूला काढायची, तेवढ्याचा भाव कापायचा, आणि सौदा पक्का झाला की तीही बाकीच्या कापसाबरोबर जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, न्यायची. सगळेच दलाल असं करायचे. माझा हात जरा खोल जायचा, एवढंच.

बरे दिवस आल्यावर मला एकच शौक लागला, फोटोचा. एका रेल्वे गार्डाकडून घडीचा जुना कॅमेरा घेतला. त्याच्या कातडी भात्याला मी इतकी नावं ठेवली की शेवटी गार्ड म्हणाला, "घेऊन जा, पण आता गप्प बसा." फिल्म धुवायला त्यानंच शिकवलं. मात्र माझ्या घरी निघायचा तो निगेटिव्हएवढाच फोटो, पत्त्याच्या पानाहून लहान. मोठा करायचा तर स्टुडिओत जावं लागे, आणि इथूनच सगळी कटकट सुरू झाली.

बहिणीच्या लग्नात मांडवातल्या बायकांचा एक फोटो मी काढला होता. मधोमध आई उभी. तिचा तेवढा एकच फोटो. त्यात तिचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि तिचं तोंड उघडं आहे, कारण ती बोलते आहे. आई बोलत नसलेली मी कधी पाहिली नाही.

दिवाळीनंतर आई गेली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. जळगावात माझं स्वतःचं घर झालं होतं, धाब्याचंच, मातीच्या छताचं, पण स्वतःचं, आणि त्या घरात ती पुरतं वर्षभरही राहिली नाही. भिंतीवर तिचा मोठा फोटो असावा म्हणून मी ती निगेटिव्ह बाजारपेठेतल्या एका स्टुडिओवाल्याला दिली. एकट्या आईचाच मोठा करा म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी काचेची चौकट हातात पडली आणि मी बघतच राहिलो.

चौकटीत एक गोरी बाई होती. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गायब. गालाची हाडं बुजवून गाल गुबगुबीत केलेले. डोक्यावरच्या जाड लुगड्याच्या पदराला नवी जरीची किनार काढलेली. आणि तोंड मिटलेलं! जन्मभर गावात कोणाला जे जमलं नाही ते या माणसानं दुकानात बसून ब्रशनं केलं होतं.

"ही कोण?" मी म्हणालो.

"मातोश्री," तो खुशीत म्हणाला. "दोन दिवस लागले रिटचिंगला. डाग होते चेहऱ्यावर, सगळे काढले."

"डाग? गोंदण आहे ते."

"फोटोत डागच दिसतात हो. आणि तोंड उघडं. बरं दिसतं का ते, गेलेल्या माणसाचं?"

"मला आहे तसा छापून द्या."

"तसा माझ्या दुकानातून जाणार नाही. खाली माझा शिक्का असतो. लोक म्हणतील, याला काही येत नाही."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. दुकानात एक वधूपक्ष फोटो काढायला बसला होता, तो उठून गेला. दुसऱ्या स्टुडिओत गेलो तर तिथंही तेच, थोडं तरी सफाईनं करावं लागेल म्हणे. पैसे गेले होते, म्हणून चौकट घरी आणून भिंतीवर लावली.

थंडीत बहीण दोन दिवस आली. दारातून आत आल्या आल्या तिची नजर भिंतीवर गेली.

"ही कोन बाई?" तिनं विचारलं.

ती जवळ गेली, बघितलं, आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. जाताना मला म्हणाली, "दादा, आखाजीले आईची पयली घागर भरशीन, तं तिच्या मांगं आईचा फोटो ठेव. ह्या बाईचा ठेवशीन तं मी येनार नही."

आखाजीला आमच्या खानदेशात घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची नवी घागर पुजतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, रस-पोळीचा नैवेद्य दाखवतात. आणि त्याच सणाला सासरच्या लेकी माहेरी येऊन झोके खेळतात. आईची पहिली घागर आणि एकुलती एक लेक घरात नाही, असं झालं असतं तर भाऊबंदांनी मला वर्षभर तोंड दाखवू दिलं नसतं. त्यांचं मी काय एवढं मनावर घेत नाही. पण बहीण खरंच आली नसती. आमच्या घरात हट्ट कोणाचा जास्त हे कधी ठरलेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं की एन्लार्जर घ्यायचा, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, आणि फोटो घरीच छापायचा. नव्याची किंमत ऐकून मी दुकानातून परत फिरलो. जुना शोधता शोधता चैत्र उजाडला. मग साक्रीकडून कापूस घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं की धुळ्यात एक म्हातारा फोटोवाला धंदा बंद करतो आहे, डोळे गेले म्हणून. आखाजीला दहा दिवस होते. मी दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. धरली.

एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत डोक्याचा तवा झाला होता. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे घर सापडायला वेळ लागू नये. मला लागला, कारण व्यापाऱ्यानं नंबर चुकीचा सांगितला होता. म्हातारा ओट्यावर बसला होता, समोरच्या शिंप्याशी गप्पा मारत. दोन्ही डोळ्यांत पांढुरकं आलेलं. मला त्यानं आवाजाच्या दिशेनं बघून बसवलं आणि चहा मागवला.

यंत्र आतल्या खोलीत होतं. लाकडी पाट, त्यावर उभा लोखंडी खांब, खांबावर मोठ्या कंदिलासारखं पत्र्याचं डोकं, त्याखाली भाता आणि टोकाला पितळी कड्यात बसवलेलं भिंग. जर्मन माल. जुना पण दणकट. बघताक्षणी मला कळलं की हे मी घेणार, आणि म्हणूनच मी तोंड वाकडं केलं.

"आबा, गंजलंय हे."

"खांबाला थोडा आहे," म्हातारा म्हणाला.

"भात्याला भोक असेल."

"नाही."

"पाट वाकलाय."

"तो तुमच्या पायाखालची फरशी वाकडी आहे म्हणून."

मग मी भिंग उजेडाकडे धरलं. कडेला नखाएवढी बुरशी होती. ती मला पोत्यात रुपया सापडावा तशी सापडली. "हे काय? भिंगाला बुरशी लागलीय! आबा, हे भिंग तर फेकून द्यायच्या लायकीचं आहे. यातून माणूस काढला तर म्हैस निघेल. भिंगाचे पैसे मी धरणारच नाही. नुसत्या लोखंडाचे देतो."

म्हाताऱ्यानं चाचपून भिंग माझ्या हातातून घेतलं आणि सदऱ्यानं पुसलं. मला वाटलं, नरम पडला. मी सवयीनं खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बाजारात आम्ही भाव असाच ठरवायचो, रुमालाखाली, बोटं दाबून, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही.

म्हाताऱ्यानं हात मागे ओढला. "हे काय चाललंय?"

"भाव सांगतोय."

"तोंडानं सांगा की. आल्यापासून तेच तर चालू आहे."

बाहेर शिंपी खो खो हसला. मी तोंडानं सांगितलं. म्हाताऱ्यानं मागितल्याच्या निम्म्याहून थोडं वर. तो म्हणाला, "म्हणजे भिंगाचे पैसे वजा करून?" मी म्हणालो, "वजा करून." तो म्हणाला, "ठीक आहे."

इतक्या सहज ठीक आहे म्हणणारा माणूस मी बाजारात पाहिला असता तर गाडी पुन्हा उपसली असती. पण जिंकल्याच्या खुशीत मी चहा पीत ओट्यावर बसलो, आणि आत म्हाताऱ्यानं यंत्राचे भाग सुटे करून, कापूस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, गोणपाटात शिवून दिले. आंधळा माणूस इतकी पक्की गाठ कशी मारतो याचं मी कौतुकही केलं. मनातल्या मनात.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं त्या बोजाचं वेगळं तिकीट मागितलं. त्याच्याशी पारोळ्यापर्यंत भांडलो. ते भांडणही मी जिंकलो.

घरी माजघर ही जागा मी आधीच हेरून ठेवली होती. धाब्याच्या घराचं माजघर उन्हाळ्यातही जरा गार असतं, आणि उजेड येतो तो छतातल्या एका भोकातून, ज्याला आम्ही सानं म्हणतो. सान्यावर घमेलं पालथं घातलं की दुपारीही हात दिसत नाही. यंत्र उभं केलं, डोक्यात बल्ब बसवला, आईची निगेटिव्ह घातली, दिवा लावला. पाटावर नुसता उजेडाचा गोळा पडला. फोटोचा पत्ता नाही. डोकं वर केलं, खाली केलं, भाता ओढला. गोळा लहान होई, मोठा होई.

बायको बाजूला कंदील धरून उभी होती. तिनं वाकून भात्याखाली बघितलं आणि त्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"अहो, या भोकात काही बसतं का?"

मी जमिनीवर बसलो. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या गाडीच्या तळापर्यंत हात घातला आणि स्वतःच्या मालाची गोणी न उघडता एवढ्या लांब वाहून आणली. वर तिच्या शिवणीचं कौतुक केलं.

पुढचे चार दिवस बाजार सोडून जाता आलं नाही. कापसाच्या शेवटच्या गाड्या येत होत्या आणि मी प्रत्येकाच्या अंगावर धावून जात होतो. पाचव्या दिवशी धुळ्याला पोचलो तेव्हा आखाजी चार दिवसांवर आली होती. वाटेत म्हाताऱ्याला काय काय सुनवायचं याची पूर्ण जुळणी झाली होती. तो त्याच ओट्यावर होता, समोर तोच शिंपी, मशीन चालवत.

"आलात?" म्हातारा म्हणाला. माझी चाहूल त्याला गल्लीच्या तोंडापासून लागली असावी. "मला वाटलं, परवाच याल."

"भिंग कुठंय?"

"कुठलं?"

"माझ्या मशीनचं!"

"ते होय. ते तर फेकून द्यायच्या लायकीचं होतं ना, शेठ? तुम्हीच म्हणालात. त्याचे पैसेही धरले नाहीत. मग ते तुम्हाला कशाला बांधून देऊ? टाकाऊ वस्तू मी गिऱ्हाइकाच्या घरी पाठवत नाही."

मी ओरडायला लागलो. लबाडी, विश्वासघात, पंच बोलावतो, असं बरंच. गल्लीतली दारं उघडली. शिंप्यानं मशीन थांबवलं आणि न बोलावता पंच झाला.

"भाऊ, तुम्ही म्हणले होते का तसं? मी ऐकलं होतं, पण तुम्ही सांगा."

"भाव करताना माणूस म्हणतोच!"

"मग म्हातारबाबानं तुमचं ऐकलं. त्यात त्याची काय चूक?"

त्या क्षणी मला कवडी आठवली, हे मी कबूल करतो. पण माझ्या आणि याच्या करण्यात फरक आहे. मी कवडीचा भाव कापतो, पण मागे काही न ठेवता गाडी तर रिकामी करून घेतो. याला यंत्राचं मर्मच काढून ठेवायची काय गरज होती?

"बरं, किती घेता?" मी म्हणालो. "भिंगाचे किती? एक आकडा सांगा."

"पैसे नकोत."

माझ्या कानावर असं वाक्य बाजारात कधी पडलं नव्हतं. "मग काय पाहिजे?"

म्हाताऱ्यानं कमरेची तंबाखूची चंची सोडली. सुपारी आणि कात यांच्या मधून फडक्यात गुंडाळलेलं भिंग काढलं आणि तळहातावर ठेवलं. "भिंग कसं शे, ते सांगा," तो म्हणाला. रागात आला की तो आपल्या घरच्या अहिराणीवर येत असावा. "इतलंच म्हना, चांगलं शे. आनि ली जा."

"एवढं म्हटलं की घेऊन जायचं?"

"एवढंच."

हे वाचणाऱ्याला सोपं वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. मी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर येईना. विकणाऱ्याच्या समोर, माल त्याच्या हातात असताना, त्याला चांगलं म्हणायचं! वीस वर्षांत मी ते केलं नव्हतं. सौदा झाला होता, पैसे दिलेले होते, आता म्हटल्यानं एक आणाही वाढणार नव्हता, हे डोक्याला कळत होतं. जीभ ऐकत नव्हती.

"बरं आहे," मी म्हणालो.

"बरं नाही."

"चालण्यासारखं आहे."

"नाही."

"तसं जुन्या मानानं..."

"शेठ," शिंपी म्हणाला, "म्हणून टाका. तुमची जळगावची गाडी जाईल."

"तुम्ही गप्प बसा हो!"

"त्याला कशाला गप्प करता," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "धुळ्यातल्या कितीतरी घरांत जे फोटो टांगले आहेत ते या भिंगातून उतरलेत. मला आता ते दिसत नाहीत. चांगले होते एवढं ऐकायला येतं. तेही तुम्ही येऊन म्हैस म्हणून गेलात."

डोक्यावर ऊन, आजूबाजूला वीस माणसं, चार दिवसांवर आखाजी. मी म्हणालो, "भिंग चांगलं आहे."

"मोठ्यानं. ऐकू कमी येतं."

"त्याला सगळं ऐकू येतं," शिंपी म्हणाला, "पण तुम्ही म्हणा."

"भिंग चांगलं आहे!" मी इतक्या जोरात ओरडलो की गल्लीतलं एक कुत्रं उठून गेलं.

म्हाताऱ्यानं भिंग माझ्या हातात ठेवलं. मी निघालो तसा त्यानं मागून हाक मारली. "डेव्हलपरचं औषध गार ठेवा, उन्हाळ्यात कागदाचा पापुद्रा सुटतो. आणि भिंगाचं छिद्र दोन घरं बारीक करा. म्हणजे कडेची बुरशी फोटोत येणार नाही."

मी गर्रकन वळलो. "म्हणजे बुरशी आहे!"

"आहे ना. मी कुठं नाही म्हणालो?"

त्या वेळी माझ्या हातात भिंग नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मुराळी होऊन बहिणीला आणायला जायचं होतं. लेकीला सासरहून आणायला माहेरचं माणूस जावंच लागतं, आणि फोटो दाखवल्याशिवाय तर ती पायरी उतरणार नव्हती. म्हणजे छापायला दोनच दिवस, आणि त्यातला एक बाजारात गेला. सान्यावर घमेलं घातलं, दारांना घोंगड्या लावल्या, तांबडा दिवा लावला आणि पाण्यात औषध कालवलं. बाहेर जळगावचा वैशाख. माजघर गार म्हणजे बाहेरच्या मानानं गार, एवढंच. पहिला कागद औषधात घातला तो बघता बघता काळा पडला. दुसरा तसाच. तिसऱ्यावर आई दिसते न दिसते तोच वरचा पापुद्रा सुरकुतला आणि दुधावरच्या सायीसारखा घसरला. कपाळाचा घाम चौथ्या कागदावर पडला. मी स्टुडिओवाल्याला, म्हाताऱ्याला, शिंप्याला, उन्हाला आणि कागद विकणाऱ्याला क्रमानं शिव्या दिल्या. माठातलं पाणी आणवलं, पण माठ जुना, पाझर बुजलेला. पाणी कोमटच.

"नवी घागर आण," मी घोंगडीआडून ओरडलो.

"कुठली नवी?"

"कोपऱ्यातली."

"ती पितरांची घागर आहे! परवा पुजायची." बायको घोंगडीपलीकडून बोलत होती. "तिच्यात तुमचं ते औषध?"

"औषध घागरीत नाही. घागरीतलं गार पाणी औषधाच्या थाळीभोवती. मोठ्या परातीत."

घागर उचलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आईंच्याच नावाची आहे ना? मग त्यांच्याच कामाला लागू दे. पण पुजायला दुसरी आणावी लागेल. ती मी आणीन. तुम्ही सोबत यायचं नाही, आणि आलात तर कुंभारासमोर तोंड उघडायचं नाही."

मी कबूल झालो. त्या दिवशी मी काहीही कबूल झालो असतो.

नव्या घागरीत पाणी दोन तासांत झऱ्यासारखं गार झालं. परातीत ओतलं, मध्ये औषधाची थाळी ठेवली. भिंगाचं छिद्र दोन घरं बारीक केलं. पाकिटात तीन कागद उरले होते. एकावर उजेड दिला, थाळीत सोडला आणि आकडे मोजत बसलो. आधी पदराची कड आली. मग कपाळावरचं गोंदण. मग हनुवटीवर तीन ठिपके, एकाखाली एक. मग गालाची हाडं, आणि शेवटी ते उघडं तोंड. तांबड्या उजेडात आई थाळीतून माझ्यावर ओरडत होती.

बुरशी कुठंही दिसली नाही. मी भिंगातून बघून बघून शोधली.

दुसऱ्या दिवशी फोटो पुठ्ठ्यात घालून फैजपूरकडची बस धरली आणि पुढे चालत बहिणीच्या सासरी गेलो. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. पाणी विचारण्याआधी तिनं हात पुढे केला. मी पुठ्ठा दिला. तिनं तो उघडला, सूप बाजूला सारलं आणि फोटो मांडीवर घेऊन बसली. घशाला कोरड पडलेली असूनही मी पाणी मागितलं नाही.

मग ती एकदम हसली. "काय बोलून राह्यली पाह्य ही."

"स्वयंपाक्याला बोलत होती," मी म्हणालो. "वरण करपलं होतं तेव्हा."

"स्वयंपाकी मांडवात कुठी होता? तुले बोलून राह्यली ती, दादा. मी हळद लावून बाजूलेच बसली होती. तू एका डोयानं क्यामेऱ्यात पाहून राह्यला होता अन् तोंडानं कुंभाराशी भाव करून राह्यला होता. हे मडकं कच्चं, ते वाकडं. आई म्हने, त्याच्या मालाले नावं नको ठेवू. घ्यायचं असीन तं घे, नही तं त्याले जाऊ दे."

तिला शब्दन्‌शब्द आठवत होता. मलाही आठवत होता. म्हणून तर मी स्वयंपाक्याचं नाव घेतलं.

ती आत गेली, लुगडं बदलून, गाठोडं बांधून आली. बसमध्ये फोटो माझ्या हातात दिला नाही, मांडीवर धरून बसली. दुसऱ्या दिवशी घागरीमागे तो ठेवला. घागर बायकोनं आणलेली, थोडी महागच. मी काही बोललो नाही. भाऊबंद आले, प्रत्येकानं फोटोसमोर हात जोडले आणि जरा मागे सरकला. उघड्या तोंडाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ज्याला त्याला वाटलं, काकी आपल्यालाच बोलते आहे. बहीण दुपारभर निंबावरच्या झोक्यावर होती.

तो फोटो आता बैठकीत आहे, माझ्या गादीच्या बरोबर समोर. तिथं नको म्हणून मी दोनदा काढला, बहिणीनं दोनदा परत लावला. शेतकरी सौदा करायला आला की त्याची पाठ फोटोकडे असते आणि माझं तोंड. व्यवसायाला हे बरं नाही. स्टुडिओवाल्याची ती गोरी बाई मी माळ्यावर टाकली. एन्लार्जर अजून माजघरात आहे. गावाकडची माणसं आपापले लहान फोटो घेऊन येतात, मोठे करून नेतात, आणि गोंदण असेल तर ठेवा म्हणून मला सांगायची गरज पडत नाही.

म्हाताऱ्यानं मला फसवलं, यावर मी ठाम आहे. भिंग मात्र चांगलं आहे.